पलटणीचा रस्सा

कोरियन भाषेत 'बुदे' म्हणजे लष्कराची तुकडी आणि 'जिगे' म्हणजे दाट रस्सा. म्हणून 'बुदे-जिगे' म्हणजे पलटणीचा रस्सा. नावावरून वाटेल, सैनिकांच्या भटारखान्यातला पदार्थ असेल. पण पलटण अमेरिकी होती आणि तिने हा रस्सा कधीच रांधला नाही. तो रांधला तिच्या कुंपणाबाहेरच्या उपाशी माणसांनी.

1950 ते 1953 या तीन वर्षांच्या युद्धाने कोरियाची शेती आणि शहरं दोन्ही उद्ध्वस्त केली. युद्ध थांबलं, पण अमेरिकी फौजा राहिल्या. सोलच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवरच्या उइजोंगबू गावाभोवती त्यांचे तळ पडले. तळावरच्या खानावळीतलं उष्टं-खरकटं बाहेर यायचं, ते उकळून विकलं जायचं. लोकांनी त्याला नाव दिलं 'क्कुलक्कुरी-जुक', डुकरांची पेज. तिच्यात सिगारेटची थोटकं आणि दात कोरायच्या काड्याही सापडत. तरी सोलच्या नामदेमुन बाजारात तिच्यासाठी रांग लागे.

ती रांग एका विमा कंपनीतून आलेल्या उद्योजकाने, जॉन जुंग-युन यांनी पाहिली, असं त्यांच्या साम्यांग कंपनीच्या इतिहासात सांगतात. जपानी तंत्र आणून त्यांनी 1963 मध्ये कोरियातलं पहिलं झटपट रामयॉन बाजारात आणलं, दहा वॉनला पुडा. या शेवया पुढे आपल्या गोष्टीत परत येतील.

तळावरून खरकट्याशिवाय आणखीही काही बाहेर पडत होतं: सीलबंद डबे. त्यांत मुख्य स्पॅम. मिनेसोटातल्या ऑस्टिन गावच्या होर्मेल कंपनीने 1937 मध्ये हा डबा काढला. डुकराच्या खांद्याच्या मांसाला फारशी मागणी नव्हती. ते दळून, मीठ-साखर घालून डब्यात भरून शिजवलं की फ्रीजशिवाय टिकतं. नाव सुचवणाऱ्याला शंभर डॉलर बक्षीस मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धात हे डबे जगभर गेले आणि अमेरिकी शिपाई ते खाऊन खाऊन विटले.

तळावरचा माल बाहेर विकणं बेकायदा होतं, त्यामुळे हा सगळा चोरटा व्यवहार. उइजोंगबूत हो गी-सुक नावाच्या बाई 'ओदेंग' म्हणजे माशाच्या वड्या विकत. तळावर काम करणारी गिऱ्हाइकं हॅम, सॉसेज घेऊन येत आणि परतून द्यायला सांगत. मग कुणाला भाताबरोबर काही ओलं हवं झालं. बाईंनी त्यात किमची आणि पाणी घातलं. 1960 मध्ये सुरू झालेलं त्यांचं 'ओदेंग शिकदांग' आजही चालू आहे, माशाच्या वड्यांचं नाव मिरवत.

माझ्या मते खरी करामत त्या किमचीची. डब्यातलं मांस नुसतं खारट आणि तेलकट. मुरलेल्या किमचीचा आंबटपणा ते तेल कापतो आणि गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली लाल चटणी, त्याला तोंड देते. (ही मिरचीही मूळची अमेरिका खंडातलीच; पोर्तुगिजांमुळे ती गोव्यातही उतरली. पण चारेकशे वर्षांत ती इतकी कोरियन झाली की तिला कुणी पाहुणी म्हणत नाही.) पुढे भांड्यात डब्यातल्या घेवड्याच्या बिया आल्या, त्या रामयॉनच्या शेवया आल्या, वर चीजची पिवळी चकती आली. 1966 मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन कोरियात येऊन गेले. तेव्हापासून काही ठिकाणी याच रश्शाला 'जॉन्सन-तांग' म्हणू लागले.

डबा तोच, पण दोन्हीकडे त्याचं नशीब वेगळं. अमेरिकेत स्पॅमची चकती तव्यावर भाजतात, अंड्याशेजारी किंवा पावात घालून आपल्या ताटलीत घेतात. तो तिथे स्वस्त, घाईचा, जरा थट्टेचाच पदार्थ. नकोशा ईमेलला त्याचं नाव पडलं ते एका ब्रिटिश विनोदी नाट्यप्रवेशामुळे. कोरियात 1987 पासून तो परवाना घेऊन देशातच बनू लागला. चुसॉक या शरदातल्या मोठ्या सणाला स्पॅमचे डबे शोभिवंत खोक्यात घालून वरिष्ठांना, नातलगांना भेट देतात, आपण दिवाळीत सुक्या मेव्याचं खोकं देतो तसे. अमेरिकेखालोखाल स्पॅम खपतो तो याच देशात.

आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी आली. तिची आठवण अजूनही तोंड वाकडं करूनच सांगितली जाते आणि मिलोच्या भाकरीची पाटी लावून कुणी हॉटेल काढलेलं माझ्या पाहण्यात नाही. उइजोंगबूत मात्र बुदे-जिगेची अख्खी गल्ली आहे. अमेरिकी फौजांचा मोठा भाग आता दक्षिणेला प्योंगतेकला हलला आहे, पण गल्ली तिथेच आहे.

गल्लीत गेलात तर टेबलावरच शेगडी असते, तिच्यावर एक पसरट भांडं, आणि सगळ्यांनी त्यातूनच वाढून घ्यायचं. आणि एकटे जाऊ नका: बहुतेक ठिकाणी दोन माणसांच्या खाली हा रस्सा मिळत नाही.