नानकटाईच्या खळीतला जॅम

नाताळच्या दिवसांत अमरावती-अकोल्याकडच्या ख्रिस्ती घरी गेलं, की समोर येणारं ताट दिवाळीच्या ताटाचं सख्खं भावंड वाटतं. करंजी असते, शंकरपाळे असतात, चिवडा आणि चकली असते. त्यांच्या जोडीला केकचा तुकडा आणि नानकटाई. काही घरांत, आणि आता बऱ्याच बेकऱ्यांतही, त्या नानकटाईच्या मधोमध जॅमचा एक ठिपका दिसतो. तोंडात टाकताच विरघळणारं बिस्किट आणि दाताला चिकटणारा आंबटगोड जॅम. हे जॅमचं बिस्किट नाताळबरोबर परदेशातून आलं असणार, असं पाहणारा सहज धरून चालतो. मला मात्र त्याचं कूळ बरंचसं इकडचंच वाटतं. निम्मं सुरतेचं, उरलेलं इथल्या बेकरीच्या भट्टीचं.

आधी त्या खळीकडे पाहू. नानकटाईचा गोळा पत्र्यावर ठेवला की अंगठ्यानं मध्ये हलकेच दाबायचा, ही रीत जॅमच्या किती तरी आधीची आहे. दाबलेल्या जागी चारोळीचे दाणे किंवा पिस्त्याचा काप बसवायचा. दाबल्यामुळे गोळ्याचा मधला जाड भाग कच्चा राहत नाही आणि दाणाही घरंगळत नाही. चारोळी वऱ्हाडाला परकी नाही. मेळघाटाच्या जंगलात तिची झाडं आहेत आणि उन्हाळ्यात कोरकू बायामाणसं ती गोळा करतात. म्हणजे जॅमला बसायला जागा आयतीच तयार होती. चारोळी उठली आणि तिच्या जागी जॅम बसला, एवढाच काय तो बदल.

नानकटाईच्या जन्माची गोष्ट सुरतेत सांगितली जाते. सुरतेत डच व्यापाऱ्यांची वखार होती आणि त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात डच तिथून गेले आणि भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली. पाव फुगवायला ताडी वापरत, काही पदार्थांत अंडी पडत, त्यामुळे गावातलं गिऱ्हाईक फिरकेना. मग ताडी गेली, अंडी गेली, आणि मैदा, तूप, साखर एवढ्यावर एक कोरडं, टिकाऊ बिस्किट उभं राहिलं. दोटीवाला यांची बेकरी आपला आरंभ १८६१ चा सांगते. या गोष्टीतला प्रत्येक तपशील कागदोपत्री पक्का आहे असं नाही. पण तिच्यातलं कारण पटतं, कारण महाराष्ट्रातही पाव-बिस्किटांच्या वाटेत नेमकी हीच अडचण होती.

ती किती मोठी होती, हे पुण्याच्या पंचहौद मिशनच्या प्रकरणावरून कळतं. १८९० साली मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी पेल्याला नुसता हात लावला. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले हे सगळे त्यात होते. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीनं नावं ‘पुणेवैभव’मध्ये छापून आली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. पुढे टिळकांनी आणि रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. ज्या समाजात कपभर चहा आणि बिस्किटावरून माणसं वाळीत पडत होती, त्या समाजाच्या फराळाच्या डब्यात काही दशकांतच नानकटाई निवांत जाऊन बसली. तिच्यात अंडं नव्हतं, ताडी नव्हती, आणि पुढे साहित्यही ज्याचं त्यानं घरून न्यायचं, अशी रीत पडली. शंकेला जागाच उरली नाही.

ही रीत मला सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा भाग वाटते. दिवाळीत, उन्हाळ्याच्या सुटीत आणि नाताळात घरची माणसं मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा किंवा तूप वजनानं घेऊन बेकरीत जातात. बेकरीवाला ते मळून, गोळे करून, पत्र्यावर मांडून भाजून देतो आणि किलोमागे मजुरी घेतो. पहाटेचे पाव निघाले की भट्टी उतरणीला लागते. पावाला लागते ती धग नानकटाईला सोसत नाही, तिला हा उतरता शेक लागतो. म्हणून बिस्किटांची पाळी पावानंतर. रांगेत डबे लागतात, त्यावर नावाच्या चिठ्ठ्या असतात, आणि ऊन-ऊन बिस्किटं पसरून गार होईपर्यंत तिथंच थांबावं लागतं. वऱ्हाडात या भट्ट्या बहुतेक मुसलमान बेकरीवाल्यांच्या. तेव्हा पारशाच्या भट्टीत घडलेली बिस्किटं मुसलमानाच्या भट्टीत भाजली जातात आणि दिवाळीला हिंदू घरात, नाताळला ख्रिस्ती घरात जातात. एवढ्या हातांतून गेलेला दुसरा फराळाचा पदार्थ मला माहीत नाही.

वऱ्हाडात बेकरी आली ती छावणीच्या आणि रेल्वेच्या मागोमाग. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. एलिचपूरजवळची (आताच्या अचलपूरजवळची) परतवाड्याची छावणी तर आधीपासूनची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि रेल्वेची घाई झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोनं खामगावचा फाटा खुला केला. कापसाचे दलाल, गिरण्यांचे इंजिनिअर आणि रेल्वेचे नोकरदार आले, की मैदा आणि पावही येणारच.

याच रुळांवरून मिशनरीही आले. अमेरिकेतल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनचं वऱ्हाड हे भारतातलं मुख्य क्षेत्र ठरलं आणि अकोला त्याचं मोठं ठाणं. मार्कस आणि जेनी फुलर हे दांपत्य अकोल्यात काम करत होतं. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालअपेष्टांवर जेनीबाईंनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह निघालं. त्याच सुमाराच्या भीषण दुष्काळात पोरकी झालेली मुलं-मुली मिशनच्या अकोला आणि खामगावच्या अनाथाश्रमांत वाढली. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ चा. मडमांनी इथल्या बायकांना कुकी शिकवली आणि तीच पुढे चालली, असं चित्र रंगवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ख्रिस्ती झालेल्या वऱ्हाडी कुटुंबांनी सणाचं ताट बदललं नाही. करंजी तीच ठेवली, नानकटाई सगळ्यांच्याच भट्टीतून आणली. नाताळचा म्हणून खरा नवा पदार्थ केक, आणि नानकटाईच्या खळीतला हा जॅम.

आता युरोपातले नातेवाईक. थोडक्यातच सांगतो, कारण ते लांबचे आहेत. स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडचं जुनं प्रमाण एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. मात्र ते सणाला बांधलेलं असेल तर नववर्षाला. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुटीच मुळी १९५८ पासून मिळू लागली. जॅम भरण्याची परंपरा ऑस्ट्रियाची. तिथल्या लिंत्स शहराच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या टार्टची कृती १६५३ च्या हस्तलिखितात सापडते. त्याच पिठाची दोन चकत्यांत जॅम भरलेली छोटी बिस्किटं तिकडे नाताळात घरोघर होतात. इंग्लंडात जॅम गरिबाच्या घरी पोचला तो १८७४ मध्ये साखरेवरचा कर उठल्यावर. त्याआधी एवढी साखर जाळणं श्रीमंतांनाच परवडे.

शॉर्टब्रेड आणि नानकटाई यांचं रक्ताचं नातं नसलं, तरी दोन्ही ठिसूळ होतात त्या एकाच कारणानं. मैद्यात पाणी मिसळून मळलं की चिवट धागे तयार होतात, म्हणून पोळी ताणली जाते. इथे पिठाच्या प्रत्येक कणाला आधी तूप लागतं, पाणी आत शिरत नाही, धागे जुळत नाहीत आणि बिस्किट बोटाच्या दाबानं फुटतं. लोण्यात जवळजवळ सहावा हिस्सा पाणी असतं, तुपात ते नसल्यात जमा. म्हणून नानकटाई शॉर्टब्रेडहून भुसभुशीत आणि वरून तडकलेली.

या तुपाचीही वऱ्हाडाशी जुनी ओळख आहे. कापसातून काढलेली सरकी इथे म्हशीला घालतात, तिच्या दुधातून लोणी आणि तूप येतं. अमेरिकेत याच सरकीच्या तेलाला गोठवून १९११ मध्ये क्रिस्को नावाची चरबी बाजारात आली आणि तिकडच्या कुकीत लोण्याच्या जागी बसली. आपल्याकडे १९३७ मध्ये डालडा आला. सुरुवातीला वनस्पती तुपात मुख्यतः शेंगदाण्याचं तेल असे, पुढे सरकीचंही वापरू लागले. डालड्यानं नानकटाई स्वस्त केली आणि कष्टकऱ्यांच्या घरात नेली, हे त्याचं ऋण मानायला हवं. पण चव म्हणाल तर निम्मं तरी साजूक तूप हवंच.

राहिला जॅम. आपला मुरांबा आणि साखरांबा पाकात राहतात, वाहतात, खळीत ठरत नाहीत. जॅम बांधला जातो तो फळातल्या पेक्टिनमुळे. आंबटपणा आणि भरपूर साखर यांच्या संगतीत पेक्टिनची जाळी होते आणि तयार जॅममध्ये विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, ६५ टक्क्यांच्या पुढे जातात. विदर्भातल्या घरांत बाटलीतला जॅम म्हणजे कित्येक वर्षं ‘नोगा’. हे नाव नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघाचं, पुढे हा व्यवसाय राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आला. बेकऱ्यांतल्या बिस्किटांवर मात्र बहुधा मिश्र फळांचा लालभडक जॅम असतो, आणि तो कुठल्या फळाचा हे जिभेला शेवटपर्यंत कळत नाही.

याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण वऱ्हाडात डिसेंबर हा संत्र्याचा महिना आहे. रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादेहून नागपूरला संत्रा आणला असं सांगतात. आज त्याचा मोठा पट्टा अमरावती जिल्ह्यात आहे: वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांतून कलमं दूरदूर जातात. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वर्षात बहार दोन. मृगाच्या पावसावर फुलणाऱ्या मृग बहाराची फळं फेब्रुवारीनंतर येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालतात. म्हणजे नाताळच्या तोंडावर बाजारात ढीग असतो, आणि व्यापारी बाजूला काढतो ते बारीक फळ जॅमला उत्तम.

संत्र्याचा जॅम करताना एक पेच आहे. पेक्टिन असतं सालीखालच्या पांढऱ्या अस्तरात आणि बियांत, आणि शिजवल्यावर कडवटपणा उतरतो तोही तिथूनच. नागपुरी संत्र्यात तो चटकन उतरतो. त्यामुळे फोडींची पापुद्री आणि बिया काढून नुसता गर घ्यावा. किलोभर गराला पाऊण किलो साखर, दोन लिंबांचा रस आणि एक अर्धपिका पेरू किसून. पेरूत पेक्टिन भरपूर, आणि तोही याच दिवसांत मिळतो. दोन संत्र्यांच्या सालींचा वरचा केशरी भाग तेवढा बारीक चिरून दोनदा उकळावा, पाणी फेकावं आणि तो गरात घालावा. थर्मामीटर असेल तर १०५ अंशांवर उतरवावं. नसेल तर गार बशीवर थेंब टाकून बोटानं ढकलावा, पृष्ठभागाला सुरकुती आली की झाला. बिस्किटासाठीचा जॅम पावाच्या जॅमपेक्षा घट्टच हवा.

अलीकडे चिखलदऱ्याजवळ मोथ्याकडे स्ट्रॉबेरी होते आणि तीही डिसेंबरपासून मिळते. तिचा जॅम दिसतो सुरेख, पण तुपाच्या जड चवीला संत्र्याच्या सालीचा जो किंचित कडवट झटका हवा, तो तिच्यात नाही. माझं मत संत्र्यालाच.

जॅम कधी भरायचा, यावर घरोघर मतभेद असतात. भाजण्याआधी भरला तर भट्टीत तो आटून रबरासारखा होतो आणि कडेनं जळतो. म्हणून बेकरीतून साधीच नानकटाई आणावी, फक्त खळी जरा खोल पाडायला सांगावं, कारण भाजताना ती निम्मी भरून येते. भरल्यानंतर जॅममधला ओलावा हळूहळू बिस्किटात उतरतो आणि दोन-चार दिवसांत त्याचा खुसखुशीतपणा जातो. तेव्हा नानकटाई आठवडाभर आधी आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, जॅम बाटलीत वेगळा ठेवावा, आणि चोवीस तारखेच्या संध्याकाळी चर्चला निघण्याआधी तो थोडा गरम करून चमच्यानं खळ्यांत सोडावा. तासाभरात वर पातळ साय धरते, मग थर लावले तरी बिस्किटं एकमेकांना चिकटत नाहीत आणि सकाळी शेजाऱ्यांकडे द्यायची ताटं सरळ भरता येतात.