पेरोनेचा पिवळा क्षार

प्लॅटिनम हा धातू मोठा अलिप्त म्हणून ख्यात आहे. गंज त्याला चढत नाही, बहुतेक आम्लांना तो दाद देत नाही. म्हणूनच प्रयोगशाळांतून विद्युदग्रांसाठी त्याची निवड होते. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग यांनी तो निवडला तोही याच भरवशावर.

रोझेनबर्ग मूळचे पदार्थविज्ञानाचे. विभागणाऱ्या पेशीचे चित्र पाहून त्यांना लोहचुंबकाभोवती पसरलेल्या लोहकिसाची आठवण झाली, आणि विद्युत्क्षेत्राचा पेशीविभाजनावर काही परिणाम होतो की काय, हे पाहण्याचे त्यांनी ठरविले. ई. कोलाय जंतू वाढत असलेल्या द्रवातून त्यांनी वीज सोडली. विभाजन थांबले, वाढ मात्र थांबेना. जंतू लांबत लांबत नेहमीच्या तीनशेपट लांबीचे तंतू झाले! दुसरा कोणी असता तर 'विजेचा प्रभाव' म्हणून निबंध छापून मोकळा झाला असता. रोझेनबर्ग व त्यांच्या सहकारी लॉरेटा व्हॅन कॅम्प यांनी एकेक शक्यता निकालात काढली. वीज निर्दोष ठरली. अलिप्त समजलेला धातूच द्रवातील अमोनिया व क्लोराइड यांच्याशी संगनमत करून कणाकणाने विरघळत होता. हे त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले.

गंमत अशी की, यातले प्रभावी संयुग नवे नव्हतेच. मिकेले पेरोने या इटालियन रसायनज्ञाने हा पिवळा क्षार १८४४ सालीच वर्णिला होता. १८९३ साली आल्फ्रेड वेर्नर यांनी त्याची रचना उलगडली: मध्ये प्लॅटिनम, चौकोनाच्या शेजारशेजारच्या दोन कोपऱ्यांवर अमोनिया, उरलेल्या दोहोंवर क्लोराइड. हेच घटक समोरासमोर बसविले की दुसरा क्षार होतो, आणि तो औषध म्हणून कुचकामी!

कारण असे. रक्तात क्लोराइड विपुल, पेशीच्या आत थोडे. आत शिरताच क्लोराइड सुटतात, त्यांच्या जागी पाणी येते, आणि मग प्लॅटिनम डी.एन.ए.मधील ग्वानिनच्या एका नायट्रोजनला धरतो. त्याचे दोन्ही हात एकाच बाजूस असल्यामुळे बहुधा एकाच धाग्यावरील लागोपाठचे दोन ग्वानिन एकत्र जखडले जातात. आम्हां कारकुनांना हे चटकन उमजते: नस्तीतील लागोपाठची दोन पाने चुकून एकत्र टाचली गेली की पुढचा व्यवहार तिथेच खोळंबतो. इथे तर पानेच नव्हे, नस्तीच वाकते. सर्पिल थोडा उलगडून बाकदार होतो. ते वाकण स्टीफन लिपर्ड यांच्या गटाने १९९५ साली स्फटिकचित्रात प्रत्यक्ष दाखविले. काही प्रथिने त्या बाकाला चिकटून बसतात, नक्कल अडते, आणि पेशी अखेर आत्मनाश करते.

१९६९ साली उंदरांच्या अर्बुदांवरील यश प्रसिद्ध झाले. माणसांवर मात्र मूत्रपिंडे बिघडू लागली आणि औषध जवळजवळ टाकूनच द्यावे लागले असते. शिरेतून भरपूर द्रव देण्याच्या साध्या युक्तीने ते वाचले. १९७४ पासून इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर दोन औषधांच्या जोडीने वृषणाच्या कर्करोगावर वापरले. पसरल्यावर बहुधा तरुणांचा जीवच घेणारा तो रोग बहुतांशी बरा होऊ लागला. १९७८ साली अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. ओकाऱ्या आणि बधिर होत जाणारे कान ही किंमत अनेकांना मोजावी लागली. शिवाय कित्येक अर्बुदे ती टाचणी उपसून धागा पुन्हा सांधण्यात तरबेज निघतात. त्यांच्यापुढे पेरोनेचा क्षार आजही हतबल ठरतो.