आधी पाणी भर, मग प्रार्थना

1831 साली अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं नगरला बसलं. 1842 मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. दुष्काळातल्या मदतकार्याबद्दल रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांना 1901 मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. हे सगळं छापलेलं आहे. माझ्या आजीचा इतिहास मात्र नेवाशाकडच्या वडाळ्याच्या बायांचा होता आणि तो तिने तिच्या आईकडून ऐकला होता.

ती सांगायची, बाप्तिस्मा घेतला की माणसाचे भाऊबंद तुटायचे. 1839 मध्ये ख्रिस्ती झालेल्या हरिपंत खिस्त्यांसारख्या ब्राह्मणाची जात गेली, तशी महार-मांगांच्या घरांची सोयरीक गेली, कुठे बलुतंही थांबलं. मग दुखण्याला, मयतीला कोण येणार? ख्रिस्ती मंडळीच एकमेकांची भाऊबंद झाली. खांदा त्यांचाच आणि पोरकी लेकरंही त्यांच्याच पदरात. 1899-1900च्या दुष्काळात आणि त्याच सुमाराच्या प्लेगात याची कसोटी लागली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त प्लेगचे ते दिवस वाचताना मला आजीचाच आवाज ऐकू येतो.

मयत झालेल्या घरी कसं जायचं, हे आजीने मला हाताला धरून शिकवलं. पुढच्या दाराने पाळकसाहेब आणि पंच जात, आम्ही मागच्या दाराने. आजी आधी रांजणात डोकावायची. पाणी नसलं तर हंडा माझ्या डोक्यावर. मग ती पीठ मळायची, लेकरांची तोंडं धुवायची, पिठलं-भाकरी वाढून विधवेला आपल्या हाताने दोन घास भरवायची. “देवाची मर्जी” असं कुणी पहिल्याच दिवशी म्हटलं, तर तिला खपत नसे. “ईयोबाचे सोबती सात दिवस भुईवर गप बसले, तवर शहाणे होते,” म्हणायची. वचन आणि गीत संध्याकाळी, घरातल्यांनी मागितल्यावर.

1972च्या दुष्काळात खडी फोडून आलेली हीच आजी आपल्या वाटणीची सुकडी शेजारच्या आजाऱ्याकडे पाठवायची. “आपलं भागंल,” एवढंच बोलायची.

2020 मध्ये करोनाने ही मागची दारंही बंद केली. नगरचं बूथ हॉस्पिटल तेव्हा करोनाच्या रुग्णांनी भरलं होतं. आमच्या महिला मंडळाने घरं वाटून घेतली. कुणी उंबऱ्याशी डबा ठेवायचं, कुणी औषधं आणून द्यायचं. एका काकूंचे यजमान गेले, तेव्हा रोज रात्री एकेकीने त्यांना फोन लावला. त्या रडायच्या, आम्ही ऐकायचो. बोलायचं काय, हा प्रश्न आजीने केव्हाच सोडवून ठेवला होता.

आता बहुतेकांना नातेवाईक आहेत, पैसा आहे, गाड्या आहेत. तरी आजाऱ्याजवळ रात्र काढायला माणूस लागतोच. रविवारच्या भक्तीनंतर आजाऱ्यांची नावं वाचली जातात. त्यापुढे “कोण जाणार?” हेही तिथल्या तिथे ठरलं पाहिजे. आमच्या मंडळीत आम्ही ते ठरवतो आणि तरुण मुलांना बरोबर नेतो, कारण ही रीत पुस्तकातून शिकता येत नाही.