हातमोजा आणि सुकाणूचक्र

मोटार हाकताना हातांत मोजे घालावेत किंवा नाही, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घ्यावा इतका मोठा आहे काय, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. परंतु वैशाखात छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहावे. दुचाकीवरून जाणाऱ्या पुष्कळ स्त्रियांच्या हातांत कोपरापर्यंत येणारे सुती मोजे दिसतात. मोटारीत बसल्यावरही ते तसेच ठेवणारे लोक आढळतात, आणि त्यांस कारणही आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केली. चालकाच्या उजव्या हातावर ऊन पडते ते पडतेच, शिवाय उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे चक्र तळहाताला चटका देते. ही सोय म्हणावी की धोका, ह्याचा निर्णय करण्यास ‘हातमोजा’ ह्या शब्दाचाच इतिहास उपयोगी पडतो, असे मला वाटते.

हिंदी आणि उर्दू भाषांनी फारसी ‘दस्त’ म्हणजे हात, त्यावरून झालेला ‘दस्ताना’ पत्करला. मराठीने मात्र ‘हात’ आणि ‘मोजा’ ह्यांचा समास केला. ‘मोजा’ शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ चामड्याचा उंच जोडा असा आहे. जर्मन भाषेत हातमोज्यास ‘हांडशू’, म्हणजे हाताचा जोडा, म्हणतात. मूळ अर्थ धरला तर आपला हातमोजाही तोच ठरतो. ह्याहून मनोरंजक गोष्ट अशी की, हा इराणी शब्द आपल्याकडे पूर्वी एकदा येऊन गेलेला होता. मध्य फारसीतील ‘मोचक’ संस्कृतात शिरला, त्यावरून ‘मोचिक’ झाला आणि त्यापासून आपला ‘मोची’ आला. मोची आणि मोजा ही अशी एकाच घरातील, परंतु निरनिराळ्या काळी ह्या देशात उतरलेली मंडळी होत. पहिल्याने चामडे सोडले नाही. दुसऱ्याने ते येता येता टाकले आणि मराठीत तो पायात घालावयाचा सुती किंवा लोकरी कपडा झाला. आपला हातमोजा समजला जातो तो ह्या दुसऱ्या अर्थाने.

वास्तविक हाताचे आवरण ही ह्या देशात नवी वस्तू नव्हे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील आयुधसूक्तात (६.७५) ‘हस्तघ्न’ येतो, प्रत्यंचेच्या आघातापासून धनुर्धराच्या बाहूचे रक्षण करणे हे त्याचे काम. महाभारतातील योद्धे ‘गोधा’ आणि ‘अंगुलित्राण’ बांधून रणात उतरतात. गोधा म्हणजे घोरपड, आणि तीवरून धनुर्धराच्या डाव्या बाहूवरील चर्मपट्टाही. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, बाहूच्या रक्षणास एक शब्द होता आणि बोटांच्या रक्षणास दुसरा. दोन कामे निराळी, म्हणून दोन वस्तू निराळ्या आणि नावेही निराळी. मराठ्यांच्या पट्ट्याचा खोबळा पाहिला तर त्यात ही दोन्ही कामे एकत्र आलेली दिसतात: वरचे लोखंडी कवच हात झाकते, परंतु आत आडवी मूठ असते आणि तळहाताची पकड तिच्यावर असते. संरक्षणासाठी पकडीचा बळी कोठेही दिलेला नाही.

मोटारीचा हातमोजा ह्या वंशातला नव्हे. तो विलायती गाडीवानाकडून आला. थंडीत तासन् तास लगाम धरणाऱ्या त्या गाडीवानास चामड्याचे मोजे लागत, आणि आरंभीच्या मोटारी उघड्या असल्यामुळे चालकासही ते लागू लागले. लाकडी कडीचे गुळगुळीत चक्र धरावयाचे तर चामड्याची पकड उपयोगाची होती. डॉरोथी लेव्हिट ह्या इंग्रज मोटारचालक बाईंनी १९०९ साली स्त्रियांसाठी मोटारीवर जे पुस्तक लिहिले त्यात लोकरीचे मोजे घालू नयेत, कारण ते चक्रावरून घसरतात, असे स्पष्ट बजावले आहे. पुढे मोटारी बंदिस्त झाल्या, आत ऊब आली, आणि १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने यंत्रबळाने वळणारे चक्र बाजारात आणल्यावर हाताचे श्रमही कमी झाले. मोजे गेले. डाव्या बाजूच्या खणाला ‘ग्लव्ह बॉक्स’ हे नाव तेवढे उरले, आणि आपण त्यात गाडीचे कागद ठेवतो.

मराठवाड्यात मोटार आली तेव्हा हे राज्य निजामाचे होते. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. येथील चालकास थंडीचे भय नव्हते. त्यामुळे विलायती हातमोज्याचे कारण येथे कधी उत्पन्नच झाले नाही. आपले कारण ऊन हे आहे, आणि त्यासाठी आपण जी वस्तू घेतली ती मोटारीची नव्हे, दुचाकीची. दुचाकीच्या मुठीवर खडबडीत रबर असते; तेथे सुती कापड खपून जाते.

प्रस्तुत लेखकास ह्याचा अनुभव दौलताबादहून खुलताबादेकडे चढणाऱ्या घाटात आला. मे महिना, दुपारची वेळ, हातांत नवे सुती मोजे. समोरून ट्रक आला म्हणून गाडी डावीकडे घेतली, आणि चक्र परत फिरू लागले तेव्हा हात त्याच्याबरोबर न जाता कडीवर नुसता घसरला. अनर्थ झाला नाही, पण चाक रस्त्याच्या कडेच्या खडीवर उतरले. पुढच्या वळणावर गाडी उभी करून मोजे काढले. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी त्या वेळी काही बोलण्याचे टाळले, हा त्यांचा चांगुलपणा.

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने दुचाकीस्वारास शिरस्त्राण बंधनकारक केले. मोटारचालकाच्या हातमोज्याबद्दल तो काही सांगत नाही. तेव्हा हा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा आहे. ऊन लागते ते मनगटाच्या वर आणि हाताच्या पाठीवर. चक्र धरतो तो तळहात. वैदिक धनुर्धराने ह्या दोहोंत केलेला भेद आपल्या एकाच शब्दाने पुसून टाकला. दुकानात ‘हातमोजे’ मागितले की सबंध हात झाकणारे कापड पुढे येते. तळहात आणि बोटे मोकळी सोडणाऱ्या सुती बाह्या त्याच दुकानात मिळतात, परंतु त्यांस मराठीत अद्याप स्थिर नाव नाही. मी त्या घेतल्या तेव्हा दुकानदारास बोट दाखवूनच मागाव्या लागल्या. चक्र तापू नये म्हणून आता गाडी सोडताना त्यावर एक जुना पंचा टाकून ठेवतो.