लंगडा नंदी

इतिहास म्हणजे लढाया आणि तह, असं आमच्या मोहाडीच्या शाळेत शिकवत. लाकडी बैलाला त्यात जागा नव्हती. वास्तविक तान्हा पोळा नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असं सांगतात. म्हणजे तो चांगला राजघराण्यातला. पण परीक्षेत कधी आला नाही. आला असता तर तेवढ्या प्रश्नापुरता तरी मी पास झालो असतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकांवरचा नंदी ओढत घरोघर जायचं आणि बोजारा मागायचा. एका वर्षी माझ्या नंदीचं मागचं चाक तडकलं. ‘लंगडा आला, लंगडा!’ पोट्टे ओरडले. मी रडत सुतारबाबांकडे गेलो.

मोहाडी-आंधळगाव हा कोष्ट्यांचा मुलूख. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली टसरची साडी इथली. सूत कातायचं तसंच लाकूडही कातायचं. ‘कातीव’ हा शब्द त्यातलाच. बाबांच्या चरकावर लाकडाला दोरीचा वेढा असे आणि दोरी ओढत आजी. लाकूड एकदा इकडे फिरे, एकदा तिकडे. पटाशी कापायची ती एकाच फेऱ्याला. दुसऱ्या फेऱ्याला मागे घ्यायची. अर्धा वेळ काम, अर्धा वेळ विश्रांती! पुढं कचेरीत मी सगळी नोकरी याच पद्धतीनं केली.

बाबांनी मला नंदी ओढायला लावला आणि नुसते बघत राहिले. मग चाक कातलं ते उरलेल्या तीन झिजक्या चाकांच्या मापानं. नंदी नीट चालू लागला.

तिकडे विलायतेत हेन्री मॉड्स्ले यानं १८०० च्या सुमारास हत्यार माणसाच्या हातातून काढून लेथच्या लोखंडी पकडीत नेमकं बसवलं. १९५२ साली अमेरिकेत एम. आय. टी.नं भोकं पाडलेल्या फितीच्या हुकमावर धातू कापणारं यंत्र दाखवलं. पुढं फीत गेली, संगणक आला. पण भोकांची ही युक्ती त्याआधी गाजवली कोणी? ल्योंच्या एका विणकराच्या पोरानं! जकार यानं १८०४ साली भोकांच्या पुठ्ठ्यांवर माग चालवला होता. म्हणजे सुताराच्या मुळावर आला तो शेवटी कोष्टीच.

परवा तोच नंदी नातवासाठी माळ्यावरून काढला. पुन्हा एक चाक गायब. बाबांचा नातू नागपुरात संगणकाचा लेथ चालवतो, त्याच्याकडे गेलो. काचेआड लाकूड एकाच दिशेनं गरगरत होतं. आकडे द्यायचे, बटण दाबायचं, की शंभर पाये सारखे. मी सवयीनं सुस्कारा सोडला.

‘‘काय दिवस होते रे! बाबांचा तो हात...’’

‘‘हात बाबाचा, काकाजी. पन दोरी आजी ओढे. रात्री तिचे खांदे मी शेकून देत होतो. लाइटची मोटर आली त्या दिवशी तिनं देवीले नारळ फोडलं.’’

मी गप्प झालो. बाबांच्या पटाशीसाठी आजवर बरेच सुस्कारे सोडले होते. दोरीसाठी एकही नाही. आजीचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

त्यानं उरलेली तीन चाकं मापली. तीन चाकांचे तीन आकडे.

‘‘यातला बरोबर कोनता? मशीनले एकच सांगा लागते.’’

मला काय ठाऊक! शेवटी त्यानं अंदाजानं एक आकडा घातला. चाक झालं, चकचकीत. बसवलं, तर नंदी लंगडा. त्यानं मशीन बंद केलं, कानस घेतली आणि खाली उकिडवा बसला.

‘‘काकाजी, जरा ओढून दाखवा.’’

या वयात त्या कारखान्याच्या फरशीवर मी नंदी ओढत चार फेऱ्या मारल्या. तो नुसता बघत होता, अगदी बाबांसारखा. मग दोन हात कानस मारली, आणि नंदी सरळ चालला.

आजूबाजूचे कामगार पोट धरून हसत होते. बोजारा मात्र एकानंही दिला नाही.