चांदीपुरा मेंदूज्वराचे प्रतिमा-निदान

चांदीपुरा मेंदूज्वर हा चांदीपुरा (चंडीपुरा असेही लेखन आढळते) विषाणूमुळे होणारा तीव्र आजार असून तो मुख्यत्वे 15 वर्षांखालील मुलांना होतो. त्याच्या निदानात सीटी स्कॅन व एमआरआय यांचा उपयोग विषाणू ओळखण्यापेक्षा तशीच लक्षणे असणारे इतर आजार वेगळे काढण्यासाठी अधिक होतो.

इतिहास
1965 साली नागपूर परिसरातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (सध्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) हा विषाणू आढळला. चांदीपुरा या गावावरून त्यास नाव मिळाले. त्याचा प्रसार वालुमाशीमार्फत होतो. 2003 मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात, तर 2007 मध्ये नागपूर विभागात मुलांमध्ये उद्रेक झाले.

2003 च्या आंध्र प्रदेशातील साथीत 329 मुले आजारी पडली व 183 दगावली. पुण्याच्या संस्थेने प्रयोगशाळेत चांदीपुरा विषाणू हे कारण दाखविले. काही डॉक्टरांनी मात्र सीटी स्कॅनमधील बदलांच्या आधारे हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असल्याचे मत मांडले.

प्रतिमांवरून होणारा बोध
हर्पिस सिम्प्लेक्स मेंदूज्वरात कानशिलालगतच्या मेंदूखंडात, तर जपानी मेंदूज्वरात बहुधा दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसमध्ये बदल दिसतात. सुरुवातीचे बदल सीटी स्कॅनपेक्षा एमआरआयमध्ये लवकर उमटतात. चांदीपुरा मेंदूज्वराची अशी खात्रीशीर खूण नाही. मेंदूतील गळू, रक्तस्राव किंवा गाठ मात्र प्रतिमेतून ओळखता येते. मेंदूवरील दाब वाढल्याची लक्षणे असल्यास पाठीतील पाणी काढण्यापूर्वी सीटी स्कॅन करतात.

मर्यादा
ताप, उलट्या, झटके व बेशुद्धी अशा क्रमाने हा आजार झपाट्याने वाढतो. अनेक मुले 24 ते 48 तासांत दगावतात. एवढ्या अवधीत सीटी स्कॅन निर्दोष दिसू शकतो. त्यावरून मेंदूज्वर नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. निश्चित निदान रक्त अथवा मेरुद्रवाच्या पीसीआर व प्रतिपिंड तपासणीने होते.

चांदीपुरावर विशिष्ट औषध वा लस उपलब्ध नाही. हर्पिसवर मात्र अॅसायक्लोव्हिर गुणकारी आहे. म्हणून हर्पिसचा संशय असल्यास अहवालाची वाट न पाहता ते सुरू करतात. झटके थांबविणे, श्वसन सांभाळणे व मेंदूची सूज कमी करणे हे उपचारही प्रतिमेसाठी थांबवीत नाहीत.