सिसिली : आठ-दहा जणांची खाद्यसहल, तिचा हिशेब आणि ताटातला इतिहास

युरोपची टूर म्हटली की आपल्याकडे अजूनही पंचेचाळीस माणसांची बस, सकाळी सहाचा अलार्म आणि रात्रीचं ‘इंडियन डिनर’ हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. गेल्या काही वर्षांत मात्र दुसराही एक प्रकार रुळू लागला आहे. आठ ते सोळा माणसं, एकच बेट किंवा एकच प्रांत, आठ-दहा दिवस, आणि कार्यक्रमाचा कणा म्हणजे तिथलं खाणं. भूमध्य समुद्रातलं सिसिली हे बेट अशा सहलींचं आवडतं ठिकाण आहे. सीमाभागातून, गोव्यातून, इंदूर-बडोद्याकडून जाणाऱ्यांना ही सहल नेमकी काय असते, पैसे कशाचे घेतले जातात आणि शाकाहारी माणसाचं तिथे कसं होतं, याची ही माहिती.

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सर्वांत मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सात गोवे. लोकसंख्या ४८ लाखांच्या आसपास. इटलीच्या मुख्य भूमीपासून ते मेसिनाच्या सामुद्रधुनीने तोडलेलं आहे. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे. पूल अजून नाही. रोमहून येणारी रेल्वेगाडी डबे सुटे करून बोटीत चढवतात आणि पलीकडे उतरवून पुन्हा जोडतात. प्रवासी आतच बसून असतात.

गट आठचाच का?

यामागे हौस कमी आणि व्यवहार जास्त आहे. इटलीत चालकासह नऊ आसनांपर्यंतची गाडी साध्या लायसन्सवर चालते. आठ पाहुणे म्हणजे एक व्हॅन. सोळा झाले की दोन व्हॅन किंवा मिनीबस. मोठी बस रागुझा इब्ला किंवा मोदिका यांसारख्या डोंगरउतारावरच्या गावांत शिरूच शकत नाही. ती खाली थांबते आणि माणसं चढण चढतात. शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, कॅमेऱ्यावर नंबर टिपला की दंड येतो. भाड्याची गाडी घेऊन स्वतः फिरणाऱ्यांना हा दंड घरी परतल्यावर कळतो.

दुसरं कारण स्वयंपाकघराचं. शेतावरच्या घरात किंवा एखाद्या बाईंच्या स्वयंपाकघरात ओट्याभोवती दहा माणसं उभी राहू शकतात, चाळीस नाही. चाळीस आली की ते प्रात्यक्षिक होतं, शिकणं होत नाही. बस-टूर वाईट असं नव्हे. पाच देश पंधरा दिवसांत पाहायचे असतील तर तीच सोयीची. पण बाजारात उभं राहून विकणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे असतील तर गट लहानच हवा.

अशा सहलीचा साचा साधारण ठरलेला असतो. पालेर्मोत तीन रात्री, दक्षिणेकडे अग्रिजेंतो किंवा रागुझाच्या बाजूला दोन-तीन, शेवटी सिराक्यूज किंवा कातानिया. पालेर्मोत उतरायचं आणि कातानियाहून परतायचं. सकाळी बाजार किंवा स्मारक, दुपारी लांबलेलं जेवण, मधे एक दिवस स्वयंपाकाचा वर्ग, एक दिवस द्राक्षमळा किंवा ऑलिव्ह तेलाचा घाणा. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. रात्रीचं जेवण आठच्या आधी सहसा मिळत नाही. साडेसातला जेवून घेणाऱ्यांनी पिशवीत काहीतरी ठेवावं.

नारिंग, वांगं आणि साखर

सिसिलीवर कोणाचं राज्य झालं नाही? ग्रीक, कार्थेजवाले, रोमन, बायझंटाइन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश. प्रत्येकाने स्वयंपाकघरात काही ना काही ठेवलं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिराक्यूजचा मिथेकस हा पाककलेवर लिहिणारा म्हणून प्रसिद्ध होता. प्लेटोच्या एका संवादात त्याचा उल्लेख येतो.

पण ताट खऱ्या अर्थाने बदललं ते अरबांमुळे. ८२७ साली ते माझारा इथे उतरले, ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आलं. त्यांनी पाटपाण्याची पद्धत आणली, ऊस आणला, आंबट नारिंग, लिंबू, वांगं आणलं. आता हे शब्द ऐका. आपलं नारिंग, फारसी नारंग, अरबी नारंज, इटालियन आरांचा. संस्कृत शर्करा, अरबी सुक्कर, इटालियन झुक्केरो. वांग्याचं नावही संस्कृत-प्राकृतातून फारसी-अरबीत ‘बादिंजान’ झालं आणि तिथून इटालियनमध्ये ‘मेलांझाना’. म्हणजे सिसिलीच्या ताटातल्या निम्म्या गोष्टी आपल्या बाजूने निघून, वाटेत दोन-तीन भाषा बदलून तिथे पोचल्या आहेत. पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात वांग्यांचे ढीग आणि नारिंगांच्या राशी पाहताना परकं वाटत नाही, त्याचं हे एक कारण.

नॉर्मनांनी १०७२ मध्ये पालेर्मो घेतलं, पण अरब कारागीर, विद्वान, आचारी यांना हाकललं नाही. रॉजर दुसरा ११३० मध्ये राजा झाला. त्याच्या राजवाड्यातल्या कापेल्ला पालातीनाच्या भिंतींवर बायझंटाइन सोनेरी मोझेक आहे आणि वर लाकडी छत अरबी कारागिरीचं. त्याच्याच दरबारात भूगोलकार अल-इद्रीसीने ११५४ मध्ये जगाचं वर्णन करणारा ग्रंथ पुरा केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात ‘इत्रिया’ नावाच्या शेवया भरपूर बनतात आणि बोटी भरभरून बाहेर जातात, अशी नोंद आहे. मार्को पोलोने पास्ता चीनहून आणला ही गोष्ट आजही सांगितली जाते. मार्को पोलोचा जन्मच मुळी या नोंदीनंतर शंभर वर्षांनी झाला. पालेर्मोची ही अरब-नॉर्मन वास्तुसंपदा, चेफालू आणि मोनरेआले इथल्या चर्चांसह, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

पुढे स्पॅनिश राज्यात अमेरिकेकडून टोमॅटो आणि कोको आला, जसा आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत गोव्यात काजू आणि मिरची आली. मोदिका गावचं चॉकलेट अजूनही त्या जुन्या रीतीचं आहे. कोको फार तापवत नाहीत, त्यामुळे साखर विरघळत नाही आणि दाताखाली कणी लागते. २०१८ मध्ये त्याला युरोपीय भौगोलिक मानांकन मिळालं. आणखी एक गंमत म्हणजे फड्या निवडुंगाचं फळ. तेही अमेरिकेतलं, पण तिथे त्याचं नाव ‘फिको दिंदिया’, म्हणजे भारतातलं अंजीर. शरद ऋतूत हे बाजारात सोलून विकतात.

शाकाहारी माणसाने काय खावं, काय विचारावं

इथे सावध राहावं लागतं, कारण दिसतं एक आणि असतं दुसरं.

निर्धास्त खाता येईल असं बरंच आहे. पालेर्मोच्या रस्त्यावर ‘पानेल्ले’ मिळतात : हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं घट्ट शिजवून, थापून, वड्या पाडून तळलेल्या. पावात घालून लिंबू पिळून देतात. सुरळीच्या वडीला तळलं तर जवळपास तिथे पोचता येईल. तळणीचं तेल वेगळं आहे का, एवढं विचारावं. ‘कापोनाता’ म्हणजे तळलेली वांगी, सेलरी, टोमॅटो, ऑलिव्ह, केपर आणि आंबट-गोड चव. ती सहसा शाकाहारी असते. कातानियाचा ‘पास्ता आल्ला नोर्मा’ वांगी, टोमॅटो आणि खारवलेल्या रिकोत्ताचा. नाव बेल्लिनीच्या ‘नोर्मा’ या संगीतनाटकावरून. बेल्लिनी कातानियाचाच. त्रापानीकडची बुसियाते पास्ता बदाम, टोमॅटो, लसूण आणि बेसिल खलबत्त्यात कुटून केलेल्या वाटणात देतात. इथली सुकी पास्ता कडक डुरम गव्हाची, आपल्याकडच्या बन्सीच्या जातीची, आणि बहुतेक वेळा बिनअंड्याची.

आता फसवणाऱ्या गोष्टी. ‘आरांचीना’ हा केशरी भाताचा तळलेला गोळा नारिंगासारखा दिसतो, नाव त्यावरूनच. पण आत बहुधा खिमा असतो आणि ‘लोण्याची’ म्हणून मिळते तिच्यातही हॅम घालतात. पालकाची मागावी. (पालेर्मोत ती स्त्रीलिंगी आरांचीना, कातानियात पुल्लिंगी आणि टोकदार आरांचीनो. या एका अक्षरावरून दोन शहरं भांडतात. बेळगावच्या आणि धारवाडच्या पानात कोणी बसलं की होतो तसाच वाद.) ‘स्फिंचोने’ हा जाड पाव कांदा-टोमॅटोचा दिसतो, पण त्यात अँचोवी मासळी असते. गोड कान्नोलीच्या नळीच्या पिठात पारंपरिक रीतीने डुकराची चरबी पडते. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट असतं. हे सगळं बुकिंग करतानाच लिहून विचारावं. गटात दहाच माणसं असली की स्वयंपाकी ऐकतो, बदल करतो. चाळीसच्या गटाला तो सॅलड देऊन मोकळा होतो.

मासळी खाणाऱ्यांची तर चंगळ आहे. सार्डिन, रानबडीशेप, बेदाणे आणि चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे घातलेला ‘पास्ता कोन ले सार्दे’ कोकणी-गोवेकरी जिभेला लगेच समजतो. त्रापानीला माशाच्या कालवणावर कुसकुस वाढतात. समोर ट्युनिशिया आहे, हे तिथे जेवताना कळतं.

१३ डिसेंबरला संत लुचियाच्या दिवशी पालेर्मोतले लोक पाव आणि पास्ता खात नाहीत. १६४६ च्या दुष्काळात गव्हाचं जहाज बंदराला लागलं आणि लोकांनी दळत न बसता गहू तसाच शिजवून खाल्ला, अशी आठवण सांगतात. त्या दिवशी अख्खे गहू शिजवून रिकोत्ता घालून ‘कुच्चिया’ करतात. बेळगावच्या माणसाला हुग्गीच आठवेल.

पैसा कुठे जातो

सिसिलीत हा प्रश्न नुसता ग्राहकाचा नाही. दुकानदारांकडून माफिया टोळ्या जी खंडणी घेतात तिला ‘पिझ्झो’ म्हणतात. पालेर्मोचे कपड्याचे कारखानदार लिबेरो ग्रास्सी यांनी १९९१ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून खंडणी द्यायला नकार दिला. त्याच वर्षी २९ ऑगस्टला त्यांचा खून झाला. पुढच्या वर्षी २३ मे रोजी न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने आणि १९ जुलैला पाओलो बोर्सेल्लिनो बॉम्बस्फोटांत मारले गेले. पालेर्मोचा विमानतळ आज या दोघांच्या नावाने आहे.

२००४ मध्ये काही तरुणांनी पालेर्मोच्या भिंतींवर रातोरात पत्रकं चिकटवली आणि त्यातून ‘अद्दियोपिझ्झो’ ही चळवळ उभी राहिली. खंडणी न देणारी दुकानं, हॉटेलं, खानावळी यांची यादी ती ठेवते. दारावर तिचं चिन्ह असतं. १९९६ च्या १०९ क्रमांकाच्या कायद्याने माफियाकडून जप्त झालेल्या जमिनी सहकारी संस्थांना कसायला देता येतात. तिथल्या गव्हाची पास्ता आणि द्राक्षांची वाइन ‘लिबेरा तेर्रा’ या नावाने विकली जाते. काही लहान गटांच्या सहली मुद्दाम अशाच ठिकाणी जेवतात आणि राहतात. सहल विकणाऱ्याला हे विचारता येतं, विचारावंच. उलट ‘गॉडफादर’चे टी-शर्ट आणि माफिया-विनोद यांची तिथे कमी नाही, ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना ते कसं वाटत असेल, हे विकत घेण्याआधी मनात यायला हरकत नाही.

जेवणाशिवाय

अग्रिजेंतोची ग्रीक देवळं, कातानियाच्या डोक्यावरचा धुमसणारा एटना, १६९३ च्या भूकंपानंतर नव्याने बांधलेली नोतो, मोदिका, रागुझा ही गावं बहुतेक सहलींत असतातच. सिराक्यूजचं कॅथेड्रल चुकवू नये : अथेनाच्या देवळाचे खांब चर्चच्या भिंतीत अजून उभे दिसतात. पियात्सा आर्मेरिनाजवळच्या चौथ्या शतकातल्या रोमन हवेलीत फरशीभर मोझेक आहे. एका टोकाला हस्तिदंत धरलेली स्त्री, शेजारी हत्ती आणि वाघ. काही अभ्यासक तिला भारताची प्रतिमा मानतात. संध्याकाळी ‘ओपेरा देई पुपी’ हा बाहुल्यांचा खेळ मिळाला तर पाहावा. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या पाहिलेल्यांना फरक लगेच दिसेल : इथे दोऱ्या कमी, लोखंडी सळ्या जास्त, आणि पत्र्याची चिलखतं घातलेले सरदार खणखणाट करत लढतात.

निघण्याआधी

पॅकेजच्या किमतीत काय नाही, ते आधी पाहावं. शहराचा पर्यटन कर दर रात्री दर माणशी हॉटेलात वेगळा द्यावा लागतो. खानावळीत ‘कोपेर्तो’ म्हणून बसण्याचे एक-दोन युरो बिलात येतात, ती फसवणूक नव्हे. स्मारकांची तिकिटं आणि परवानाधारक गाईड धरलेत का, एकट्या माणसाला खोलीचा जादा आकार किती, हे लेखी घ्यावं. भारतातल्या कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं की टीसीएस कापला जातो. तो खर्च नाही, विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण दर आणि मर्यादा गेल्या काही वर्षांत बदलत आल्यात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर पाहावा आणि पावतीवर पॅन बरोबर आहे ना, तेही.

शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी फी ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. इटलीचं कोणतं कार्यालय लागू होतं हे राहत्या राज्यावर ठरतं. त्यामुळे बेळगावची बहीण आणि कोल्हापूरचा भाऊ एकाच सहलीला निघाले, तरी त्यांचे अर्ज दोन वेगळ्या ठिकाणी जाऊ शकतात. तारखा त्या हिशेबाने घ्याव्यात.

भारतातून सिसिलीला थेट विमान नाही. एटनाची राख उडाली की कातानिया विमानतळ अधूनमधून बंद ठेवावा लागतो, म्हणून परतीच्या प्रवासात पुढचं विमान अगदी लगोलग धरू नये. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. वसंतात शेतावर ताजी, कोमट रिकोत्ता मिळते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हचे घाणे चालू असतात. ऑगस्टमध्ये उकाडा असतो आणि १५ ऑगस्टच्या आसपास सगळी इटली सुट्टीवर असते, त्यामुळे खोल्या महाग आणि निम्मी दुकानं बंद.